३५, ४०, ५०

दहावीचा निकाल लागला की आमच्या शाळेत पेढे ९० टक्केवाल्यांच्या घरून येतात, पण डोळ्यांत पाणी ३५वाल्यांच्या आईवडिलांच्या येते. गणितात ३५ पडले म्हणून एका हमाल बापाने आमच्या हातावर दहाची नोट ठेवली होती, "मॅडम, चहा प्या" म्हणून. आम्ही वीस वर्षे शिकवतो आहोत, उर्दूही आणि मराठीही. त्यामुळे पास-नापास हा शब्द आमच्यासाठी रोजच्या भाजीपाल्यासारखा झाला होता. तो आमच्या स्वतःच्या घरात शिरेपर्यंत.

आमची थोरली दहावीपर्यंत उर्दू माध्यमात शिकली. अकरावी-बारावी सायन्स इंग्रजीतून. सीईटीत गुण कमी पडले, बी.फार्मला नंबर लागला नाही. मग बारावीच्या गुणांवर डी.फार्म घेतले. दोन वर्षांचा डिप्लोमा, पासिंग ४० टक्के. लेखी आणि प्रात्यक्षिक वेगवेगळे. त्यानंतर ५०० तासांचे प्रशिक्षण. पोरीने ते सगळे नीट पार पाडले. मेडिकलच्या काउंटरवर उभी राहून चिठ्ठ्या वाचायला शिकली. आमचा आनंद गगनात मावेना.

तेव्हा कुणीतरी सांगितले की डी.फार्मवाल्यांना बी.फार्मच्या थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश मिळतो. एक वर्ष वाचते. मुलगी म्हणत होती, थोडे दिवस नोकरी करते, मग बघू. आम्हीच म्हटले, "एक साल बच रहा है, बेटा." मुलींच्या बाबतीत आपल्या घरांत एका वर्षाची किंमत काय असते, हे या मासिकाच्या वाचकांना सांगायला नको. मुलीचे अब्बू गप्प होते. हिशेब सगळा आमचा होता.

तिसऱ्या सेमिस्टरचा निकाल आला. ऑरगॅनिक केमिस्ट्री दोनमध्ये ४८, फिजिकल फार्मास्युटिक्समध्ये ४१. डी.फार्ममध्ये एवढ्या गुणांवर काम भागले असते. बी.फार्मला पासिंग ५०. दोन्ही विषय गेले.

त्याच आठवड्यात मोहल्ल्यात एक दावत होती. तिथे अकोटच्या एक बाई भेटल्या. त्यांच्या घरून पैगाम येईल अशी कुजबुज होतीच. त्यांनी विचारले, "बिटिया का रिझल्ट लगा क्या?" आम्ही चटकन म्हणालो, "अभी नहीं लगा." मुलगी दोन पावलांवर ताटे मांडत होती.

घरी आल्यावर तिने एकच वाक्य म्हटले, "अम्मी, आप झूट कायको बोले?" आणि आठ दिवस आमच्याशी कामापुरतेच बोलली. नापास झाल्याचे तिला दुःख होते, पण त्याहून मोठे दुःख हे, की आईला आपली लाज वाटली. वर्गात पोरांना "खोटे बोलू नका" शिकवणाऱ्या आम्ही. ती आठवड्याची फजर आम्हाला फार जड गेली. दुआला हात उचलले की काय मागावे तेच सुचत नसे.

नवव्या दिवशी आम्ही त्या अकोटच्या बाईंना फोन लावला, मुलीला समोर बसवून. "बहेन, उस दिन हमने गलत बताया. रिझल्ट लग गया था. दो सब्जेक्ट रह गए हैं." पलीकडून थोडा वेळ आवाज आला नाही. मग त्या "अल्लाह आसान करे" म्हणाल्या. पैगाम आला नाही. तो का आला नाही, याचा शोध आम्ही घेतला नाही.

त्या संध्याकाळी मुलीने आपली गुणपत्रिका आणि नियमांची प्रत आमच्यासमोर ठेवली. शिक्षिका असूनही आम्ही तोपर्यंत ते नियम वाचले नव्हते, हे कबूल करायला हवे. १०० गुणांच्या विषयात ७५ बाहेरच्या परीक्षेचे, २५ कॉलेजातले. त्या २५ पैकी १५ सेशनलचे आणि १० वर्षभराच्या वागण्याचे, ज्यात हजेरीला ४. हजेरी ९५ टक्क्यांच्या वर असेल तर ४, ८० ते ८४ असेल तर फक्त १, आणि ८० च्या खाली परीक्षेलाच बसता येत नाही. आमच्या मुलीची हजेरी ८२. कॉलेज गावाबाहेर, एस.टी. उशिरा पोचली की पहिला तास गेलाच. ऑरगॅनिकमध्ये तिला हजेरीचा १, इतर कामाचे ४, सेशनलचे ६ आणि पेपरचे ३७. बेरीज ४८. एस.टी. वेळेवर असती तर ५१. आम्ही एस.टी.वर बरीच आगपाखड केली. मुलगी शांतपणे म्हणाली, "अम्मी, सेशनल में पंद्रह में से छे आए, वो भी बस ने दिए क्या?"

खरे दुखणे तिथेच होते. थेट दुसऱ्या वर्षात जाणारे मूल तिसऱ्या सेमिस्टरला बसते. ऑरगॅनिक केमिस्ट्री दोन त्याच्या समोर येते, पण ऑरगॅनिक केमिस्ट्री एक दुसऱ्या सेमिस्टरला शिकवून झालेली असते. डी.फार्मच्या रसायनशास्त्रावर ते गुण दिलेले धरतात, पण गुण धरले म्हणून डोक्यात विषय येतो असे थोडेच आहे! वर कम्युनिकेशन स्किल्स आणि कॉम्प्युटर हे पहिल्या वर्षाचे दोन विषय वेगळे करून द्यायचे. म्हणजे वाचलेले वर्ष वाचलेलेच नव्हते. ते त्याच तीन वर्षांत कोंबलेले होते. हे आम्हाला प्रवेशाच्या वेळी कुणी सांगितले नाही, आणि आम्ही विचारलेही नाही.

आठवीच्या मुलाला भागाकार येत नसेल तर आम्ही त्याला आठवीचे गणित शिकवत बसत नाही, चौथीचे पुस्तक काढतो. इथेही तेच केले. एका सिनियर मुलीकडून दुसऱ्या सेमिस्टरचे ऑरगॅनिक एकचे पुस्तक मागून आणले. मगरिबनंतर दीड तास फक्त तेच. आम्हाला रसायनशास्त्र येत नाही. पण समोर बसून "हे मला समजावून सांग" एवढे म्हणता येते. तिला सांगता आले नाही की तिला कळे, इथे कच्चे आहे.

एक वहीही केली. डाव्या बाजूला इंग्रजी शब्द, मध्ये उर्दू, उजवीकडे मराठी. ॲसिड, तेजाब, आम्ल. तिची अडचण अर्धी भाषेची होती. उर्दूतून विचार करायचा, इंग्रजीतून लिहायचे आणि हॉस्पिटलात मराठीतून बोलायचे. वही करताना गंमतही झाली. अल्कोहोल आणि अल्कली हे दोन्ही शब्द अरबीतून इंग्रजीत गेलेले. सिरप तर आपल्या शरबतचाच भाऊ. अरबीत औषधविद्येला सैदला म्हणतात, आणि अकराव्या शतकातल्या अल्-बेरूनीने आपल्या औषधांवरच्या ग्रंथात त्या नावाचे मूळ हिंदुस्थानातल्या चंदनाशी जोडले आहे. हे ऐकून पोर बऱ्याच दिवसांनी हसली. परीक्षेत यावर एकही गुण नव्हता, ते सोडा.

५० चा आकडा आम्हाला तरीही जुलूम वाटत असे. ३५ वर दहावी, ४० वर डिप्लोमा, मग इथेच एवढा ताठा कशाला? उन्हाळ्यात आमच्या आईला संधिवातासाठी डॉक्टरांनी मेथोट्रेक्झेट लिहून दिली. दुकानातल्या पोराने पाकिटावर रोज एक अशी खूण केली. मुलीने पाकीट पाहिले, मग चिठ्ठी पाहिली. "नानी, हे रोज नाही. आठवड्यातून एकदा." चिठ्ठीवर तसेच लिहिले होते. संधिवातात ही गोळी आठवड्यातून एकदाच देतात. रोज घेतली तर रक्तातल्या पेशी घटतात, जीवही जाऊ शकतो. अब्बू त्या दुकानात जाऊन आले. त्यानंतर आम्ही ५० बद्दल तक्रार करणे बंद केले. आईने मात्र गोळीचे पाकीट मुलीच्या हाताशिवाय उघडायचे नाही असे ठरवून टाकले आहे, आणि त्याचा मुलीला भारी जाच होतो.

सेशनलचे गुण एकदाच सुधारता येतात. तिने ती संधी घेतली, ६ चे १० झाले. उन्हाळी परीक्षेत ऑरगॅनिकच्या पेपरात ४१ आले. एकूण ५६. फिजिकल मात्र पुन्हा राहिला, ४७. त्यात लॉगरिदम आहे, आणि गणिताशी तिचे जुने वैर. त्यासाठी आमच्या शाळेतले गणिताचे सर रविवारी घरी येऊ लागले. फी विचारली तर म्हणाले, ईदचा शीरखुर्मा पोचवा. तिसऱ्या आणि चौथ्या सेमिस्टरचे सगळे विषय सुटल्याशिवाय सातव्यात बसता येत नाही, म्हणजे अजून वेळ आहे. या हिवाळ्यात तिने तो पेपर पुन्हा दिला. आम्ही हे लिहीत आहोत तेव्हा निकाल लागलेला नाही, आणि या वेळी हे खरेच आहे.

दरम्यान आमच्या दिराच्या मुलाने डी.फार्मला प्रवेश घेतला. २०२२ च्या नियमाने डिप्लोमानंतर नोंदणीसाठी एक्झिट परीक्षाही आली आहे. तीन पेपर, प्रत्येकात ५० टक्के, तेही एकाच खेपेला. भावजय घाबरून आमच्याकडे आली. थोरलीने तिला चहा दिला, नियमांचा कागद काढून दाखवला आणि स्वतःचे ४८ आणि ४१ चे गुणपत्रकही समोर ठेवले. आम्ही स्वयंपाकघरातून ऐकत होतो.

तीन भाषांची वही सध्या त्या पोराकडे आहे. त्याने तिच्या कव्हरावर आपले नाव टाकले म्हणून काल घरात भांडण झाले.