रत्नागिरीची वाट आणि पडवीतली जागा

वाचकहो, रत्नागिरी जिल्ह्याचे नाव काढले की हापूसची पेटी डोळ्यांपुढे येते. त्याच्या मागोमाग एक वाक्य हमखास ऐकू येते, "अहो, तो जिल्हा म्हणजे रत्नांची खाण!" वाक्य खोटे नाही. पण या खाणीतली रत्ने वर कशी आली, त्यांना कोणी हात दिला, आणि तिच्या अगदी काठावर राहणारी काही पोरे अजून वर का येत नाहीत, हे पाहायला कोणी जात नाही. चला तर, आज आपण एस.टी.च्या लाल गाडीत बसून या जिल्ह्यात उत्तरेकडून शिरू या. किनारे आणि देवळे पुन्हा कधीतरी पाहू. आज शिकायला निघालेल्या पोराच्या वाटेने जाऊ.

म्हाप्रळला सावित्रीची खाडी ओलांडली की मंडणगड तालुका लागतो. डोंगराळ मुलूख, तांबडी माती, वरकस जमीन. याच तालुक्यात आंबडवे गाव आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे हे मूळ गाव. त्यांचे वडील रामजी सुभेदार पलटणीतून निवृत्त झाल्यावर काही काळ दापोलीत येऊन राहिले होते. बाबासाहेबांची बुद्धी अलौकिक होती, याबद्दल दुमत नाही. पण 1912 साली ते मुंबईत बी.ए. झाले आणि 1913 साली अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात गेले, त्यामागे बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांची शिष्यवृत्ती होती. ती वेळेवर मिळाली नसती तर एवढी मोठी बुद्धीही पैशावाचून अडली असती.

मंडणगडहून गाडी दापोलीला येते. तेथून समुद्राकडे उतरले की माडा-पोफळींच्या सावलीत मुरुड गाव आहे. महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे हे गाव. 1875 साली सतरा वर्षांचा धोंडू परीक्षेसाठी भर पावसात सह्याद्री चढून साताऱ्याला पायी गेला. शंभर मैलांवरची ती वाट होती. तेथे पोचल्यावर परीक्षेच्या अधिकाऱ्यांनी त्याच्याकडे पाहिले आणि "हा वयाने लहान दिसतो" म्हणून परीक्षेला बसू दिले नाही. पोरगा तसाच माघारी आला. पुढे त्याने ती परीक्षा दिली, पदवी घेतली, 1916 साली स्त्रियांसाठी विद्यापीठ काढले आणि 1958 साली, वयाच्या शंभराव्या वर्षी, भारतरत्न झाला. ही गोष्ट आपण मुलांना जिद्द म्हणून सांगतो. तिच्यात आणखी एक गोष्ट आहे. हुशार पोराला शंभर मैल चालवून दारातून परत पाठवणे किती सोपे असते, तेही तिच्यात दिसते.

त्या काळी गरिबाचे पोर परगावी शिकायचे ते कसे? जुनी माणसे सांगतील, वार लावून. सोमवारी एका घरी जेवायचे, मंगळवारी दुसऱ्या. कोणाच्या तरी पडवीत पथारी टाकायची, कोणाच्या तरी कंदिलाखाली वाचायचे. कोकणातली कितीतरी मोठी माणसे अशी लोकांच्या पडवीत वाढली. मात्र खरे बोलायचे तर ही पडवी सगळ्यांना उघडी नव्हती. जात पाहून दार उघडायचे. ज्यांच्यासाठी ते उघडले नाही त्यांची बुद्धी तेथेच मुरून गेली, आणि तिचा हिशेब कोणी ठेवला नाही.

दापोलीतच कोकण कृषी विद्यापीठ आहे. 1972 साली स्थापन झालेल्या या विद्यापीठाला आज डॉ. बाळासाहेब सावंत यांचे नाव आहे. आपल्यापैकी अनेकांच्या खाचरात 'रत्नागिरी 24' भात झाले असेल किंवा बागेत 'रत्ना' आंबा लागला असेल, तो याच विद्यापीठाचा. विद्यापीठ पाहून झाले की खेडच्या गाडीत बसा आणि खिडकीबाहेर लक्ष ठेवा. गाव संपते, ओढा लागतो, आणि ओढ्यापलीकडे गवताच्या, कुडाच्या, कुठे पत्र्याच्या दहा-पंधरा झोपड्या दिसतात. ती कातकरवाडी. मंडणगड, दापोली, खेड, चिपळूण, संगमेश्वर या सगळ्या वाटेवर अशा वाड्या आहेत. गाडी तेथे थांबत नाही.

खैराच्या लाकडापासून कात काढणारे ते कातकरी, किंवा काथोडी. जंगलाचे कायदे आले, खैर तोडायला बंदी झाली, आणि नावात राहिलेला धंदा हातातून गेला. मग लाकूडतोड, कोळशाच्या भट्ट्या, वीटभट्ट्या आणि तुमच्या-आमच्या शेतातली मजुरी. महाराष्ट्रातल्या ज्या तीन जमातींना सरकार आदिवासींमध्येही विशेष मागे राहिलेल्या मानते, त्यांत कोलाम, माडिया गोंड आणि हे कातकरी येतात. 2011 च्या जनगणनेत राज्यात कातकऱ्यांची संख्या अडीच लाखांच्या वर भरली. त्याच जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात शंभरांतले 82 लोक साक्षर होते. पण रत्नांच्या खाणीतून पदवी घेऊन वर आलेला कातकरी मुलगा किंवा मुलगी शोधायला निघाल तर वाडीवाडीतून विचारत फिरावे लागेल.

पोरे हुशार नाहीत का? कातकऱ्याच्या दहा वर्षांच्या पोराबरोबर एकदा रानात जाऊन बघा. कुठला कंद खायचा, कुठला विषारी, मधाचे पोळे कुठे, चिंबोरी कोणत्या बिळात, हे त्याला पाठ असते. अडते ते दुसरीकडेच. कुठे, ते पुढच्या प्रवासात पाहू.

खेड सोडून लोटे, मग परशुराम घाट. या घाटाच्या अंगाला पेढे-परशुराम. धर्मशास्त्राचे थोर पंडित, 1963 चे भारतरत्न पां. वा. काणे यांचा जन्म तेथला. घाट उतरला की वाशिष्ठीच्या काठी चिपळूण. येथून एक रस्ता कुंभार्ली घाटाने वर कऱ्हाडकडे जातो. दसरा-दिवाळी झाली की भट्ट्यांकडे जाणारी कातकरी कुटुंबे याच दिवसांत बिऱ्हाड आवरू लागतात. भांडीकुंडी, कोंबड्या आणि पोरे सगळे बरोबर. पावसाच्या तोंडाला बापाने उचल घेतलेली असते. ती फेडायला सगळे घर जाते, मे अखेरीस परत येते. शाळेचे वर्ष जूनमध्ये सुरू होते. पोर चार महिने शाळेत बसते आणि पाटी अर्धी राहते. जे पोर मागे राहते, आजीजवळ किंवा वसतिगृहात, तेच पुढे दहावीपर्यंत पोचते. म्हणजे पहिला प्रश्न पोर मागे ठेवायचे कोणाकडे, हा आहे.

दुसरी अडचण कागदाची. दहावी-बारावीनंतर आदिवासी मुलाला शिकायचे तर जमातीचा दाखला लागतो, पुढे त्याची पडताळणी लागते. दाखल्यासाठी 6 सप्टेंबर 1950 पूर्वीचा पुरावा मागतात. आता सांगा, ज्यांच्या झोपडीखालची जमीनसुद्धा बहुधा दुसऱ्याच्या नावावर, ज्यांच्या आजोबाने शाळेचे तोंड पाहिले नाही, त्यांनी 1950 चा कागद आणायचा कोठून? त्यात शाळेच्या नोंदवहीत कोणी 'कातोडी' लिहिलेले, कोणी नुसते 'हिंदू'. सरकारी यादीत नाव आहे 'काथोडी, कातकरी'. एका अक्षराने पोर वर्षभर हेलपाटे घालते. आणि हेलपाटेही जवळचे नव्हेत. रत्नागिरी जिल्ह्यात आदिवासींची संख्या 2011 साली शंभरात दोनही नव्हती. त्यामुळे जिल्ह्याचे आदिवासी प्रकल्पाचे काम पाहते ते रायगड जिल्ह्यातले पेणचे कार्यालय. रत्नागिरी शहरापासून पेण सुमारे अडीचशे किलोमीटर. धोंडू कर्व्यांच्या साताऱ्यापेक्षाही लांब!

सरकारने काहीच केले नाही असे मात्र म्हणू नका. आदिवासी मुलांना दहावीनंतरच्या शिक्षणासाठी भारत सरकारची शिष्यवृत्ती 1948 पासून आहे. शासकीय वसतिगृहे आहेत. तेथे जागा न मिळालेल्या मुलाला जेवण-राहण्याचे पैसे बँक खात्यात देणारी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयं योजना 2016 साली आली. 15 नोव्हेंबर 2023 रोजी 'पीएम-जनमन' ही मोहीम सुरू झाली, आणि तिच्यात कातकऱ्यांसारख्या जमातींच्या वाड्यांवर जाऊन दाखले देण्याची शिबिरे झाली. हे सगळे हक्काचे आहे. पण योजना कागदावर वेळेवर असते आणि पैसे खात्यावर उशिरा येतात. 2018 साली वसतिगृहांत खाणावळीऐवजी खात्यावर पैसे द्यायचे ठरले, तेव्हा "पैसे वेळेवर आले नाहीत तर आम्ही जेवायचे काय?" म्हणून आदिवासी विद्यार्थी पुण्याहून नाशिककडे पायी निघाले होते. कर्व्यांच्या त्या वाटेला तेव्हा 143 वर्षे झाली होती, आणि पोरे अजून चालतच होती.

संगमेश्वरला शास्त्री नदी ओलांडली, हातखंबा आला, की गाडी रत्नागिरीकडे वळते. शहरात लोकमान्य टिळकांचे जन्मस्थान आहे, ब्रह्मदेशच्या राजाचा थिबा राजवाडा आहे. आपण मात्र कॉलेजांकडे जाऊ. गोगटे-जोगळेकर महाविद्यालय 1945 पासून आहे. शिरगावला मत्स्य महाविद्यालय आहे, ते 1981 चे. वाडीवरून दाखले मिळवत, वसतिगृहे बदलत एखादे कातकरी पोर अशा कॉलेजच्या दारात पोचते, तेव्हा आपल्याला वाटते, झाले, जिंकले! खरी कसोटी तर तेथून पुढे असते.

भातलावणी करणाऱ्या माणसाला हे वेगळे सांगायला नको. तरव्यात रोप हिरवेगार असते. उपटून चिखलात लावले की आठवडाभर पिवळे पडते, मान टाकते. म्हणून कोणी ते उपटून बांधावर फेकतो का? आपण पाणी धरतो आणि थांबतो. मूळ धरले की तेच रोप उभे राहते. कॉलेजचे पहिले वर्ष तसेच असते. घरी कातकरी बोली, शाळेत पुस्तकी मराठी, आणि येथे एकदम इंग्रजी. वर्गात आपल्यासारखे दुसरे कोणी नाही. शिष्यवृत्तीचा अर्ज संगणकावर भरायचा, खाते आधारशी जोडायचे. एखाद्याने जातीवरून टोमणा मारला तर सांगायचे कोणाला? दिवाळीच्या सुट्टीत पोर वाडीवर येते आणि बाप म्हणतो, "उचल घेतलीय, चल भट्टीवर." पोर परत कॉलेजात जात नाही. आपण म्हणतो, "शिकायची आवडच नाही या लोकांना!"

जिथे कोणी पाणी धरले तिथे काय झाले, तेही पाहा. धुळे जिल्ह्यातल्या सामोडे गावचे डॉ. राजेंद्र भारुड भिल्ल समाजातले. जन्मापूर्वीच वडील गेले, आई मोहाची दारू विकून घर चालवी. नवोदय विद्यालयात राहण्या-जेवण्यासह शिक्षणाची सोय झाली, आई मागे हटली नाही. पोरगा मुंबईत डॉक्टर झाला आणि पुढे नंदुरबारचा जिल्हाधिकारी. रत्नागिरी जिल्ह्याचेही नवोदय विद्यालय राजापूर तालुक्यात पडवे येथे आहे. पाचवीतल्या मुलांची परीक्षा घेऊन सहावीत प्रवेश देतात. वाडीवरच्या पोराला या परीक्षेची बातमी सांगणारे कोणी हवे. परदेशातही हाच अनुभव. ऑस्ट्रेलियातल्या विद्यापीठांत तेथल्या मूळ रहिवासी जमातींच्या मुलांसाठी वेगळी केंद्रे असतात. शिकवणी मिळते, बसायला हक्काची जागा मिळते, विचारपूस होते. म्हणजे आपली पडवीच की ती!

म्हणून दादांनो, मायबहिणींनो, हा प्रवास तुमच्या दारात आणून संपवतो. तुमच्या गावाकडेला कातकरी नसतील तर ठाकर असतील, भिल्ल, पारधी, कोलाम असतील. त्यांच्या एखाद्या पोराला मागच्या काळची पडवी आज देता येईल, आणि या खेपेस जात न पाहता. घर भट्टीवर निघाले आणि पोर शाळेत हुशार असेल, तर घर परत येईपर्यंत त्याला ठेवून घ्या, किंवा गुरुजींना भेटून हंगामी वसतिगृहाची मागणी करा. पोर शाळेत असतानाच त्याच्या नोंदीतले जमातीचे नाव तपासून घ्या. शाळा सुटल्यावर दुरुस्ती फार अवघड जाते. तुमचा शिकलेला मुलगा मोबाईलवर सगळे अर्ज भरतो. शिष्यवृत्तीचा एक अर्ज वाडीवरच्या पोराचाही भरू दे. तुम्ही स्वतः मजूर लावत असाल, तर उचलीच्या हिशेबात पोराचे हात धरू नका. वेठबिगारी 1976 च्या कायद्याने बंद झाली आहे. आणि तुमचे भाऊ-वहिनी रत्नागिरीला, चिपळूणला राहत असतील, तर रविवारी त्या पोराला जेवायला बोलवायला सांगा. शिष्यवृत्ती दोन महिने लांबली तर त्याची दोन महिन्यांची गाडीभाड्याची सोय करा, पैसे आले की ते परत देईल.

दहावी-बारावीचे निकाल लागले की तुमच्या घरी पेढे येतील. त्या दिवशी ओढा ओलांडून वाडीवरही जा. "कोण पास झाले? दाखला काढला का?" एवढे विचारा. काढला नसेल तर दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने त्याच्याबरोबर तहसीलला तुम्हीही निघा.