राखीव केंद्राकडे जाण्याचा निर्णय

बुधवार, २४ फेब्रुवारी २०२१ रोजी सकाळी ११ वाजून ४० मिनिटांनी राष्ट्रीय शेअर बाजारातले सौदे थांबले. ते पुन्हा सुरू झाले दुपारी पावणेचारला. दुसऱ्याच दिवशी महिन्याच्या वायद्यांची मुदत संपणार होती, त्यामुळे उघड्या पोझिशन भरपूर होत्या. बाजार पाचपर्यंत चालेल हे कळेस्तोवर काही ब्रोकरांनी ग्राहकांच्या दिवसभराच्या पोझिशन मुंबई शेअर बाजारात मिळेल त्या भावाला मिटवून टाकल्या होत्या. ज्याची पोझिशन अशी मिटली, त्याला नंतरच्या सव्वा तासाचा काहीच उपयोग नव्हता.

मुख्य केंद्र आणि जवळचे राखीव केंद्र दोन दूरसंचार कंपन्यांच्या अनेक वाहिन्यांनी जोडलेले होते. रस्त्यावरच्या खोदकामामुळे या वाहिन्या अस्थिर झाल्या, असे त्या कंपन्यांनी सांगितले. पण वाहिनी तुटली म्हणून बाजार थांबण्याचे कारण नव्हते. अशा प्रसंगासाठीच तर सगळे दुहेरी ठेवलेले असते. खरा घोटाळा झाला तो माहिती साठवणाऱ्या यंत्रणेत. दोन केंद्रांमधला दुवा डळमळताच मुख्य केंद्रातला साठाच सर्व्हरना मिळेनासा झाला. सौदे जुळवणारी यंत्रणा शाबूत होती. बंद पडली ती क्लिअरिंग कंपनीची जोखीम तपासणारी यंत्रणा. प्रत्येक सौद्यामागे पुरेसे मार्जिन आहे की नाही हे कळत नसताना बाजार चालू ठेवणे धोक्याचे होते. तो थांबवण्याचा निर्णय योग्यच होता.

प्रश्न उरतो तो पुढच्या चार तासांचा. दूरचे राखीव केंद्र चेन्नईत सज्ज असूनही काम तिकडे हलवले गेले नाही. मुख्य केंद्रच दुरुस्त करायचे ठरले. हा मोह जुन्या, थरावर थर चढत गेलेल्या प्रत्येक यंत्रणेत असतो. ‘अजून थोड्या वेळात होईल’ असे अभियंता प्रामाणिकपणे सांगतो आणि वरिष्ठ त्यावर थांबतात. शिवाय केंद्र बदलताना काही सौद्यांची नोंद हरवली तर त्याचा जाब कोण देणार, ही भीती असतेच. म्हणून ही निवड एकट्या अभियंत्यावर सोडता येत नाही. ती व्यवस्थापनाची आहे आणि घड्याळ लावूनच करायची आहे.

टोकियोच्या शेअर बाजारात जेमतेम पाच महिन्यांपूर्वी याची दुसरी बाजू दिसली होती. १ ऑक्टोबर २०२० रोजी साठवण यंत्रातला एक भाग निकामी झाला आणि राखीव यंत्र आपोआप पुढे यायला हवे होते ते आलेच नाही. यंत्राची नवी आवृत्ती आली तेव्हा एका सेटिंगचा अर्थ बदलला, माहितीपुस्तिका मात्र जुनीच राहिली. वर्षानुवर्षे ते कोणी चाचणी घेऊन पाहिले नाही. सबंध दिवस बाजार बंद राहिला. नोव्हेंबरअखेर अध्यक्ष कोइचिरो मियाहारा यांनी राजीनामा दिला.

इकडे राष्ट्रीय शेअर बाजाराची नियामक असलेल्या सेबीने मार्च २०२१ मध्ये नियम कडक केले. बिघाड झाल्यापासून अर्ध्या तासात आपत्ती जाहीर करायची की नाही ते ठरवायचे आणि जाहीर केल्यावर ४५ मिनिटांत काम पूर्ववत करायचे. त्याआधी यासाठी चार तासांपर्यंत मुभा होती. पाठोपाठ जुलैत दंडाची पद्धत आली. उशीर झाला तर संस्थेबरोबर व्यवस्थापकीय संचालक आणि तंत्रज्ञान प्रमुख यांच्या वार्षिक वेतनातूनही रक्कम कापण्याची तरतूद तीत होती. सप्टेंबर २०२४ मध्ये ही व्यक्तिगत दंडाची तरतूद काढून घेतली गेली. दोषी व्यक्तींवरची कारवाई संस्थेनेच करायची असे ठरले. ही माघार पटण्यासारखी नाही. बाजार आणि त्याच्या क्लिअरिंग कंपनीने २०२३ मध्ये ७२ कोटींहून अधिक रुपये भरून फेब्रुवारी २०२१ च्या बिघाडाचे प्रकरण तडजोडीने मिटवले. पण ती रक्कम संस्थांच्या तिजोरीतून गेली, निर्णय लांबवणाऱ्यांच्या खिशातून नव्हे.

सराव मात्र खरोखर वाढला. शनिवार, २ मार्च २०२४ रोजी बाजार खास उघडून पहिले सत्र मुख्य केंद्रातून आणि दुसरे राखीव केंद्रातून चालवले गेले, तेही प्रत्यक्ष सौद्यांसह. १ एप्रिल २०२५ पासून एक बाजार बंद पडला तर दुसऱ्याने त्याची जागा घ्यायची अशीही व्यवस्था लागू झाली.