पुसलेला पेला

कादंबरीकार रिचर्ड प्राइस यांची पटकथा असलेल्या, हॅरॉल्ड बेकर दिग्दर्शित ‘सी ऑफ लव्ह’ (१९८९) या चित्रपटात यमक हाच पुरावा ठरतो. न्यूयॉर्कमध्ये स्त्रियांशी परिचय व्हावा म्हणून पद्यमय जाहिराती देणारे पुरुष एकामागून एक मारले जातात. घटनास्थळी लिपस्टिक लागलेली सिगारेट आणि बोटांचे ठसे सापडतात. खुनी स्त्रीच असणार, हे वाचन तिथेच निश्चित होते.

मग पोलीसही तशीच जाहिरात देतात आणि भेटीस येणाऱ्या स्त्रियांचे ठसे पेल्यांवरून गोळा करतात. हेलन मात्र पेल्याला स्पर्श न करताच उठून जाते. पुढे तिचे ठसे असलेला पेला डिटेक्टिव्ह फ्रँक केलरच्या हाती येतो. पण तोवर तिच्यात गुंतलेला फ्रँक तो पुसून टाकतो.

ही कृती विश्वासाची खूण म्हणून वाचण्याचा मोह होतो. परंतु ज्याचा विश्वास असतो त्याला पेला पुसावा लागत नाही. फ्रँकला भय असते ते ठसे जुळण्याचे. ते न जुळण्याची शक्यता त्याच्या हिशेबातच नसते. वस्तुतः खुनी हेलनचा पूर्वीचा पती असतो. म्हणजे फ्रँकने पुसला तो तिच्या निर्दोषत्वाचा पुरावा! संशय त्याने मिटत नाही. शय्येवरही सोबत राहतो.

कामुक रहस्यपटाची उत्कंठा अशा नाकारलेल्या वाचनावरच पोसली जाते. स्त्रीदेह हेच उकलायचे रहस्य मानले, की तिच्यावर पाळत ठेवणारा पुरुष नजरेतून सुटतो. इथे असे पुरुष दोन आहेत : एक खून करतो, दुसरा तपास.