हातांचे शब्द

कोणाला नाणी जमविण्याचा छंद असतो, कोणाला डोंगर चढण्याचा. मला छंद आहे तो शब्दकोश चाळण्याचा. एखादा शब्द पाहावा म्हणून कोश उघडावा आणि त्याच्या शेजाऱ्यापाजाऱ्यांची विचारपूस करण्यात तास कसा निघून गेला ते कळू नये, असे माझे नेहमीच होते. शब्दांचेही माणसांसारखेच असते. आजच्या रुबाबावरून त्यांच्या कुळाची कल्पना येत नाही. इंग्रजीतील कित्येक भारदस्त शब्दांचे कूळ शोधीत गेले, की शेवटी माणसाचा साधा हात सापडतो!

लॅटिन भाषेत हाताला ‘मानुस’ म्हणत. ‘मॅन्युस्क्रिप्ट’ म्हणजे हाताने लिहिलेले, हे तर उघडच आहे. पण कचेरीतील ‘मॅनेजर’चे काय? घोडा हाताळून त्याला शिकवून तयार करणे, या अर्थाच्या इटालियन शब्दापासून ‘मॅनेज’ हा शब्द आला. शेतातील खताला ‘मॅन्युअर’ म्हणतात. त्याचा मूळ अर्थ हाताने काम करणे, जमिनीची मशागत करणे असा होता. शस्त्रक्रिया करणारा ‘सर्जन’ हा मूळ ग्रीक शब्दाच्या अर्थाप्रमाणे केवळ हाताने काम करणारा! ‘डिजिट’ म्हणजे अंक. पण लॅटिनमध्ये ‘डिजिटस’ म्हणजे बोट. बोटांवर मोजणाऱ्या माणसाने बोटाचेच नाव अंकाला दिले.

आपल्याकडे जशी वीत आणि हात ही मापे, तसे इंग्रजांकडे ‘हँड’ हे 4 इंचांचे माप आहे. घोड्याची उंची त्यांच्याकडे अजूनही त्याच मापाने सांगतात. समुद्राची खोली मोजण्याचे ‘फॅदम’ हे माप 6 फुटांचे. दोन्ही बाहू पसरले असता जेवढे अंतर भरते, तेवढे ते. हाच शब्द पुढे एखाद्या गोष्टीचा ठाव घेणे, ती पुरती समजणे, या अर्थानेही वापरू लागले. एखादी गोष्ट समजणे म्हणजे जणू तिला कवेत घेणे! ही कल्पना मला फार आवडते.

हत्यारांची नावेही अशीच बोलकी आहेत. ‘हँड’पासून ‘हँडल’ झाले, म्हणजे हाताने धरावयाची मूठ. त्याच रीतीने ‘थंब’ म्हणजे अंगठा, यापासून ‘थिंबल’ म्हणजे शिंप्याचे अंगुस्तान झाले. हत्यार चालविणाऱ्या कारागिरालाही मानाचे नाव होते. धातू घडविणारा तो ‘स्मिथ’ आणि लाकूडकाम करून वस्तू उभी करणारा तो ‘राइट’. गाड्या बनविणारा ‘कार्टराइट’ झाला. कामाचे नाव पुढे घराण्याचे आडनाव झाले.

आणि इथेच एक चमत्कारिक गोष्ट घडली. 1785 साली एडमंड कार्टराइट या इंग्रज गृहस्थाने यंत्रमागाचे पेटंट घेतले. पूर्वजांच्या कारागिरीची खूण ज्याच्या आडनावात होती, त्याच्याच शोधातून पुढे सुधारत गेलेल्या यंत्रांनी हजारो विणकरांच्या हातचे काम घेतले. ‘मॅन्युफॅक्चर’ म्हणजे मुळात हाताने बनविणे. तोच शब्द यंत्राने माल काढण्याला लागू झाला. आणि ज्यांना पूर्वी विणकर, लोहार, सुतार अशी नावे होती, त्यांना गिरणीत सरसकट ‘हँड्स’ म्हणू लागले. हँड्स म्हणजे नुसते हात! जणू त्यांना डोके नाही, मन नाही आणि घरी वाट पाहणारी मुलेही नाहीत. चार्ल्स डिकन्स याने 1854 साली प्रसिद्ध झालेल्या ‘हार्ड टाइम्स’ या कादंबरीत या संबोधनातील निष्ठुरपणा दाखवून दिला. कोशात हा अर्थ दिसला, की मी क्षणभर थांबतो. यंत्राने माणसाचे कष्ट हलके केले, कापड स्वस्त केले, हे खरेच आहे. पण माणसाच्या साऱ्या व्यक्तित्वातून केवळ हात तेवढे वेगळे काढणारा तो शब्द माझ्या मनाला बोचतो.

मग मी पाने उलटून दुसऱ्या एका शब्दाकडे वळतो. मागाला इंग्रजीत ‘लूम’ म्हणतात. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ कोणतेही हत्यार किंवा अवजार असा होता. वारसाकडे जाणारे अवजार ते ‘एअरलूम’. आज हा शब्द वडिलोपार्जित दागिन्यांना आणि मौल्यवान वस्तूंना लावतात. परंतु त्याच्या पोटात जुने अवजार दडलेले आहे. बापाने वापरून गुळगुळीत केलेली हातोडीची मूठ मुलाच्या हाती यावी, यालाही वारसा म्हणावे, असे त्या जुन्या लोकांना वाटले. सोन्याइतकाच मान त्यांनी अवजाराला दिला. तुम्हीही कधी एखादा जाडजूड कोश उघडून बसा. ज्यांची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत, अशा कितीतरी कष्टाळू हातांची ओळख त्यात तुम्हांला होईल.