सम-विषम

किराणा दुकानांपुढची पांढरी वर्तुळं. २०२० च्या मार्चअखेरीस, कोरोनाच्या टाळेबंदीत, गिऱ्हाइकांनी अंतर राखून उभं राहावं म्हणून ऑइलपेंटनं घाईघाईत काढलेली, त्यामुळे एकही धड गोल नाही. आता फरशीच्या खाचेत थोडा रंग उरलाय आणि त्यावर कांद्याचं पोतं.

रस्त्याच्या बाजू. त्याच वर्षी जूनमध्ये टाळेबंदी टप्प्याटप्प्यानं उठवणारं ‘मिशन बिगिन अगेन’ आलं आणि मुंबईत एका बाजूची दुकानं आज, तर समोरची उद्या. गर्दी निम्मी आणि धंदाही चालू, असा हिशेब, कागदावर चोख. जागेचं भाडं मात्र सम-विषम नव्हतं.

सलूनचं अर्धं शटर. तीन महिने बंद राहिल्यावर २८ जूनला परवानगी मिळाली ती केस कापायची. दाढी नाही. वस्तरा धरायचा तर तोंडाजवळ तोंड येतं, तेव्हा तर्क बरोबरच होता. पण गल्लीतल्या सलूनचं रोजचं गिऱ्हाईक दाढीचं. मग शटर कमरेपर्यंत खाली, बाहेर पायरीवर पोऱ्या पालिकेच्या गाडीवर डोळा ठेवून, गिऱ्हाईक वाकून आत. आवाज नको म्हणून पंखाही बंद. पोऱ्यानं पत्र्यावर दोन टिचक्या मारल्या की वस्तरा जागच्या जागी थांबायचा, अर्धा गाल फेसात. जो आजार कोंडलेल्या हवेत फोफावतो, त्याच्या भीतीनं काढलेल्या नियमानं माणसं कोंडलेल्या हवेत बसवली. दार सताड उघडं ठेवून, मास्क लावून दाढी करू दिली असती तर? हा प्रश्न तेव्हा विचारायला हवा होता.

लोकलच्या वेळा. फेब्रुवारी २०२१ मध्ये सर्वांना प्रवास खुला झाला, पण सकाळी सातच्या आत, दुपारी बारा ते चार आणि रात्री नऊनंतर. ड्युटी नऊची असेल तर सातच्या आत गाडी पकडून बंद ऑफिसच्या पायरीवर डबा मांडीत घेऊन बसायचं.

निर्बंधांचे पाच स्तर, जून २०२१. बाधितांचं प्रमाण किती, ऑक्सिजनच्या खाटा किती भरल्या, यावरून जिल्ह्याचा स्तर ठरे आणि स्तरावरून दुकानाची वेळ. सगळ्या तजविजींत मला हीच त्यातल्या त्यात शहाणपणाची वाटते. आकडा सगळ्यांसमोर, नियम आधी सांगितलेला. जीव आणि पोट एकाच तराजूत, तेही उघड्यावर. आली मात्र उशिरा, दुसरी लाट ओसरताना. आणि टिकलीही नाही. विषाणूच्या डेल्टा प्लस या प्रकाराच्या धास्तीनं तीन आठवड्यांच्या आत पहिला आणि दुसरा, म्हणजे सर्वांत सैल स्तर मोडीत निघाले. ज्या जिल्ह्यांचे आकडे चांगले होते, तिथल्या दुकानदारांनाही चार वाजता गल्ला आवरावा लागला.