रॉकरखालची पट्टी

"ह्यायच्या हातात मशीन द्यायचीच नाही."

१९८४ च्या रोवण्यात बपेऱ्यात हे ऐकलं. बांधीत ट्रॅक्टर उभा, चिखलणी अर्धी राहिलेली, बाया परे घेऊन बांधावर बसलेल्या. बोलणारा जुन्या मालगुजाराच्या घरचा. वाक्य माझ्यासाठी होतं. आणि चूकही माझीच होती, हे आधी लिहून टाकतो. आपल्या लिहिण्यात आपली चूक फार कमी येते.

झालं असं. इंजिन तापून हेड वाकडं झालं. नागपुराहून फेस मारून आणलं. हेड घासलं की खाली बसतं, पुशरॉड मात्र तेवढाच, म्हणजे तो लांब पडतो. टॅपेटचा स्क्रू मागं फिरवता फिरवता आटे संपले. उस्ताद म्हणाला, "रॉकरच्या स्टँडखाली शिम टाक." पत्र्याचा तुकडा माझ्याकडे फेकला अन् जेवायला गेला. मी चार पट्ट्या कापल्या, एकाच जाडीच्या. बोल्टची भोकं पाडली, बसवल्या, फिलर गेज लावून टॅपेट केले. इंजिन लागलं. ऑइल प्रेशरचा काटा जागेवर. छाती फुगली माझी.

दुसऱ्या दिवशी टकटक. मग किरकिर. मग बांधीत बंद.

झाकण काढलं तर वर सारं कोरडं. शाफ्ट निळा पडलेला, बुश खाल्लेले. त्या इंजिनात ऑइल ब्लॉकमधून हेडमध्ये येतं, हेडमधून एकाच स्टँडमध्ये चढतं, तिथून पोकळ शाफ्टमधून सगळ्या रॉकरला जातं. त्या स्टँडला बोल्टशेजारी आणखी एक बारीक भोक असतं. माझ्या पट्टीला ते नव्हतं. काटा खालचं प्रेशर दाखवत होता, वर पोचलं की नाही ते त्याला काय माहीत? पट्टी उलटी केली. बरोबर त्या जागी ऑइलचा गोल डाग.

तीन वर्षं होतो मी त्या गॅरेजात. मग ते भोक मला माहीत कसं नाही? रॉकर बसवायची वेळ आली की मला हुकूम, "जा रे, पार्ट धुवून आण." दरवेळी. पाण्याचा गिलास वेगळा होता, तो दिसत होता, त्याच्यावर मी भांडलोही. हे धुवायला पाठवणं मात्र मला कामच वाटायचं.

बाबासाहेबांनी १९२८ च्या गिरणी संपात नेमकं हेच धरलं होतं. तुटलेला धागा तोंडानं ओला करून जोडायचा, म्हणून विटाळाच्या नावाखाली आपल्या माणसाला विणकाम खात्यात घेत नव्हते, आणि पगार जास्त त्याच खात्यात. भंडाऱ्यातून १९५४ च्या पोटनिवडणुकीत ते हरले, ते आपण दर एप्रिलला भाषणात सांगतो. मागाची गोष्ट कोणी सांगत नाही.

दोस्तहो, पट्टी कशी करायची ते लिहून ठेवतो, कारण मला कोणी सांगितलं नव्हतं. स्टँडच्या बुडाला काजळी लावा, पत्र्यावर दाबा. भोकं आपोआप उमटतात. ऑइलचं भोक मूळ भोकापेक्षा जरा मोठं पाडा, म्हणजे पट्टी थोडी सरकली तरी अडत नाही. कानसीनं बूर काढा, रॉकेलनं धुवा. पट्टीला गास्केटचा लुकण फासू नका, दाबला की तो भोकातच शिरतो. शाफ्ट उलटा फिरून बसला तरीही ऑइल अडतं, जुनी खूण बघून बसवा. बोल्ट सगळे थोडे थोडे आवळा, टॅपेट नव्यानं करा. मग झाकण न लावता, डिझेल बंद ठेवून, सेल्फ मारा. रॉकरवर ऑइल पाझरताना डोळ्यानं दिसलं पाहिजे. काट्यावर भरवसा नको.

त्या रात्री कंदिलाच्या उजेडात मी हेच केलं. बुश घातले, शाफ्ट बदलला. ऑइल आलं. बुशाचे अन् शाफ्टचे पैसे माझ्या मजुरीतून कापले. मी बोललो नाही, ते माझ्यावर निघतच होते. ते वाक्य मात्र कोणी मागं घेतलं नाही.

पुढे माझ्याकडे वस्तीतली पोरं शिकायला आली. पहिल्याच आठवड्यात एकानं स्टँड हातात घेऊन विचारलं, "भाऊ, हे दुसरं भोक कायचं आहे?" म्हटलं, "तोंड लाव अन् फुंकून पाह, कुठून हवा निघते."

त्यानं फुंकलं.