नमुना उत्तर

स्मरणिकेसाठी एखादी आठवण लिहा, असे सांगितले गेले, तेव्हा मला एक शून्य आठवले. ते मीच दिलेले होते.

मी इतिहासाचा शिक्षक. संगणकाचे सर रजेवर असल्याने त्यांच्या चाचणीचे पेपर माझ्याकडे आले. एकपासून दिलेल्या संख्येपर्यंतची बेरीज करणारा प्रोग्राम लिहायचा होता. नमुना उत्तरात एकेक संख्या मिळवत जाणारे आवर्तन होते. एका मुलीने मात्र एकच ओळ लिहिली होती: संख्येला तिच्या पुढच्या संख्येने गुणा, दोनने भागा. नमुन्याशी जुळेना, म्हणून शून्य.

दुसऱ्या दिवशी ती म्हणाली, "सर, दोन्ही चालवून पाहू या?" १० दिले; दोन्हीकडे ५५. १०० दिले, ५०५०. ओशाळून मी पेन काढले, तोच तिने उणे ३ दिले. नमुन्याचे आवर्तन सुरूच झाले नाही, उत्तर ०. तिच्या सूत्राचे ३.

वेगळेपण दाखवायला एक उदाहरण पुरले. सारखेपणा मात्र हजार उदाहरणांनीही सिद्ध होत नाही. तेथे सिद्धताच लागते. धन पूर्णांकांपुरती ती तिने फळ्यावर मांडली. अ‍ॅलन ट्युरिंग यांच्या १९३६ च्या निबंधातून निघणारा निष्कर्ष मी नंतर वाचला: कोणतेही दोन प्रोग्राम सारखे आहेत का, हे दर वेळी अचूक ठरवणारी यांत्रिक रीत असूच शकत नाही. मी तर नुसते नमुन्याशी ताडून निकाल दिला होता. तोही साधनांची चिकित्सा शिकवणाऱ्याने!

पूर्ण गुण दिले. समासात तिनेच लिहिले, 'धन पूर्णांकांसाठी'.